सोनोग्राफी, सीटी, एमआरआयला जाताय? रेडिओलॉजिस्टकडून नीट काम कसं करून घ्यायचं

मागच्या महिन्यात एक आजी आल्या, पोटात दुखतंय म्हणून. टेबलावर झोपल्या, मी प्रोब ठेवला आणि पित्ताची पिशवी शोधायला लागले. दिसेना. कुशीवर वळवलं, श्वास धरायला लावला, तरी नाही. खडे गच्च भरले असतील तर पिशवी वेगळीच दिसते, आकसली असेल तर सापडायला वेळ लागतो, असं सगळं डोक्यात चालू असताना शेवटी विचारलं, आजी पोटाचं कधी ऑपरेशन झालंय का. तर म्हणाल्या, "हां, मिरजेला बारा वर्सं झाली, पित्ताची पिशवी काढली की." दुर्बिणीतून काढलेली, टाके एवढेसे, सुरकुत्यांत दिसतही नव्हते.

दहा मिनिटं गेली, बाहेर लोक उपाशी बसलेले. पण आजींची काहीच चूक नव्हती. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की त्या अंधाऱ्या खोलीत बसलेली बाई डॉक्टर आहे आणि तिला सगळं सांगायचं असतं. त्यांना वाटलं मशीनला आपोआप सगळं कळतं.

मशीनला कळत नाही. मशीन काळ्यापांढऱ्या सावल्या देतं, त्यांचा अर्थ माणूस लावतो, आणि तुम्ही त्या माणसाला जेवढी माहिती द्याल तेवढा अर्थ नीट लागतो. हे पटलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण यात फार गोंधळ आहे. एक्सरे, सीटी, एमआरआय काढतात ते टेक्निशियन, त्यांचं स्वतःचं शिक्षण असतं आणि चांगला टेक्निशियन सोन्यासारखा असतो. तो स्कॅन बघून रिपोर्ट देणारा तो रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एमबीबीएस होऊन वर तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी केलेला डॉक्टर (दोन वर्षांचा डिप्लोमा केलेलेही आहेत). सोनोग्राफी मात्र आपल्याकडे डॉक्टर स्वतःच करतो. त्यामुळे सोनोग्राफीत तुम्ही आम्हाला भेटता, सीटी-एमआरआयत बहुतेक वेळा भेटतच नाही, आणि तिथेच माहिती हरवते.

जायच्या आधी: चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघा

तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर नुसतं "पोटाचा सीटी" एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा आणि विनंती करा की डॉक्टर, कशासाठी करतोय तेवढं एक ओळ लिहून द्या. कुठे दुखतंय, किती दिवस, ताप आहे का, तुम्हाला शंका कशाची आहे. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण स्कॅन कसा करायचा हेच त्यावर ठरतं. मुतखडा शोधायचा असेल तर डाय (फोटोत रक्तवाहिन्या, गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) न टाकता साधा सीटी पुरतो, उलट डाय टाकला तर छोटा खडा लपू शकतो. लिव्हरमधली गाठ बघायची असेल तर डाय टाकून दोन-तीन वेगवेगळ्या वेळांना फोटो घ्यावे लागतात कारण गाठ डाय कधी घेते आणि कधी सोडते यावरून ती कसली आहे ते कळतं. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे का बघायचं तर डाय तिथे पोचल्याच्या नेमक्या सेकंदांत स्कॅन व्हावा लागतो. "पोटाचा सीटी" या दोन शब्दांत यातलं काहीच नसतं. मग आम्ही अंदाजाने करतो आणि कधीकधी पेशंटला परत बोलवावं लागतं, परत पैसे, परत रेडिएशन.

दुसरं म्हणजे जुने रिपोर्ट आणि फिल्म. सगळे. नॉर्मल आलेलेसुद्धा. लोक म्हणतात "तो तर नॉर्मल होता म्हणून नाही आणला", अहो नॉर्मल असलेलाच तर हवा असतो, कधीपासून बदललं ते त्यावरून कळतं. एक उदाहरण देते. खोकल्यासाठी छातीचा सीटी केला आणि फुफ्फुसात ८ मिलिमीटरची एक गाठ दिसली. जुना काही नसेल तर मला लिहावं लागतं की काही महिन्यांनी परत सीटी करा, आणि त्या काही महिन्यांत अख्खं घर झोपत नाही. पण तीन वर्षांपूर्वीचा सीटी सोबत असेल आणि तिथेही तीच गाठ तेवढीच असेल, तर बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. एका जुन्या सीडीने एवढा फरक पडतो.

अजून काय सांगायचं: झालेली ऑपरेशनं (पिशवीचं, अपेंडिक्सचं, सिझर, सगळी, आणि "पिशवी काढली" म्हणताना गर्भाची की पित्ताची तेही सांगा, इथे रोज घोळ होतो), शरीरात बसवलेलं धातूचं काहीही, चालू गोळ्या, कसली ॲलर्जी, किडनीचा त्रास, आणि बायकांनी पाळी चुकली असेल किंवा दिवस असण्याची थोडीशी जरी शक्यता असेल तर एक्सरे-सीटीच्या आधी. सासूबाईंसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर टेक्निशियन किंवा सिस्टरना बाजूला घेऊन सांगा, त्यांना सवय असते.

उपाशी म्हणजे काय

पोटाच्या सोनोग्राफीला पाच-सहा तास उपाशी यायचं आणि चहासुद्धा घ्यायचा नाही. आपल्याकडे चहा हे खाणं धरतच नाहीत, "काही नाही खाल्लं, फक्त चहा-बिस्कीट" असं रोज ऐकते. दुधाचा चहा पोटात गेला की पित्ताची पिशवी आकसते आणि आतले खडे बघणं अवघड होतं, म्हणून हा सगळा खटाटोप. पाणी चालतं. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या, बीपीची गोळी चुकवून येऊ नका. शुगरवाल्यांनी गोळी-इन्सुलिनचं आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा आणि सेंटरला फोन करून सकाळची पहिली वेळ मागा, शुगर आहे असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी देतात.

लघवी भरलेली हवी असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पुरतं. काहीजण पहाटेपासून रोखून धरून घामाघूम होऊन येतात, तेवढं नकोय. फार होत असेल तर बाहेर सांगा, मध्ये घेतात.

दागिने, वेणी, दोरे

माणसाच्या शरीराचा पहिला गाजलेला एक्सरे म्हणजे एक्सरेचा शोध लावणारे रोंटगेन यांच्या पत्नीच्या हाताचा, डिसेंबर १८९५ मधला, आणि त्यात बोटातली अंगठी ठळक दिसते. तेव्हापासून हा प्रश्न आहे. छातीच्या फोटोत मंगळसूत्र, ताईत, ब्लाउजची सेफ्टीपिन हे सगळं येतं, पण सगळ्यात फसवी असते ती वेणी. घट्ट वेणी खांद्यावरून पुढे आली की फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर डागासारखी सावली पडते, आणि टीबी नेमका तिथेच बघायचा असतो. केस वर बांधा, एवढंच.

एमआरआयचं वेगळं आहे आणि इथे मी अजिबात तडजोड करत नाही. एमआरआयचं मॅग्नेट कायम चालू असतं, स्कॅन चालू नसतानाही, रात्रीही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका हॉस्पिटलात पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला, मॅग्नेटने सिलिंडरसकट त्याला ओढलं आणि त्याचा जीव गेला. तरुण माणूस, मदत करायला गेलेला. म्हणून दारावर थांबवलं की थांबा, "दोन मिनिटं फक्त आत सोडून येतो" म्हणू नका. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल (वेल्डिंग, लेथवर काम करणाऱ्यांनी हे मुद्दाम आठवावं), हे आधी सांगा. हल्लीचे बरेच पेसमेकर आणि सांध्याचे इम्प्लांट एमआरआयला चालतात, पण कार्ड दाखवल्याशिवाय आम्ही होय म्हणणार नाही, म्हणून इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा. मंगळसूत्र, जोडवी, लहान मुलांचा करदोटा, वाळे सगळं घरीच काढून या. काही बायकांना मंगळसूत्र काढताना खरंच फार वाईट वाटतं, मी बघितलंय, डोळ्यात पाणी येतं. मग आम्ही नवऱ्याच्या हातात द्यायला सांगतो आणि बाहेर आल्याआल्या तो परत घालतो. काही बिघडत नाही.

बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा, लाजू नका. डोळ्यावर कापड, हातात बेल, लागलंच तर भूलतज्ज्ञ बोलवून थोडं झोपवता येतं. भीती न सांगता आत जाऊन दहाव्या मिनिटाला ओरडत बाहेर येण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं, कारण हललं की स्कॅन वाया.

डाय टाकणार असतील तर

सीटीच्या डायने अंगात गरम लाट गेल्यासारखं होतं, तोंडाला धातूची चव येते, आणि लघवी झाल्यासारखं वाटतं (होत नाही). हे सगळं नॉर्मल आहे, मिनिटभरात जातं. खाज, अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखं, श्वास लागणं हे नॉर्मल नाही, तिथल्या तिथे हात वर करून सांगायचं. आधी कधी डायची रिॲक्शन आली असेल तर ते पहिल्यांदा सांगा. मासे चालत नाहीत म्हणून डाय चालणार नाही असं मात्र काही नसतं. क्रिएटिनिनचा (किडनीची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट आणा, आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर विचारा, किडनी बरी असेल तर बहुतेक वेळा बंद करावी लागत नाही पण किडनी कमजोर असेल तर साधारण दोन दिवस थांबवतात.

रेडिएशनची भीती सगळ्यांनाच असते म्हणून आकडे देते. छातीच्या एका फोटोला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) किंवा त्याहून कमी डोस, पोटाच्या एका सीटीला साधारण ८ ते १०. आणि काहीही न करता, नुसतं या पृथ्वीवर राहून, जमिनीतून-आकाशातून वर्षाला जगात सरासरी २.४ मिलतोच. म्हणजे छातीच्या फोटोला घाबरू नका आणि सीटी मात्र "एकदा करूनच टाकू" म्हणून करू नका, कारण असेल तरच करा. सोनोग्राफी आणि एमआरआयत हे रेडिएशन नसतंच. लहान मुलांच्या बाबतीत हक्काने विचारा, "हे सोनोग्राफीत भागेल का?" चांगला रेडिओलॉजिस्ट या प्रश्नाने खूश होतो, खरंच सांगते.

गरोदरपणातली सोनोग्राफी

सोबत ओळखपत्र आणा, फॉर्म एफ भरायला लागतो, सही करायला लागते, दर महिन्याला त्याचे रिपोर्ट आम्हाला सरकारकडे द्यावे लागतात. कटकट वाटते पण गर्भलिंगनिदानाविरुद्धचा तो कायदा कशामुळे आला ते विसरू नका. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी असा कायदा केला, मग १९९४ चा देशाचा कायदा आला. मुलगा की मुलगी हे विचारू नका, गमतीतही नाही, खुणेनेही नाही. सांगणाऱ्या डॉक्टरला तर शिक्षा आहेच पण विचारणाऱ्या नवऱ्याला, सासरच्यांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि शिक्षेचं सोडा, टेबलावर झोपलेल्या त्या मुलीचा चेहरा मी बघते जेव्हा तिच्यामागून कुणीतरी असं विचारतं.

विचारायचं ते हे: वाढ बरोबर आहे का, पाणी ठीक आहे का, वार कुठे आहे. आणि वेळ पाळा. ११ ते १४ आठवड्यांच्या मधली एक, आणि १८ ते २० आठवड्यांची दुसरी, जिच्यात बाळाचे अवयव एकेक करून बघतात. काही जणी दुसरी सोनोग्राफी थेट ओटीभरणानंतर सातव्या महिन्यात करायला येतात. तेव्हा काही मोठा दोष सापडला तर हातात पर्याय फार कमी उरतात, गर्भपाताच्या कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादाही ओलांडलेली असते. त्या वेळी आई-बापाला ते सांगणं यासारखं अवघड काम आमच्या कामात दुसरं नाही.

रिपोर्ट हातात आला

आधी नाव, वय, तारीख आणि बाजू बघा. डावा-उजवा. दिवसभरात एवढे रिपोर्ट बोलून टाइप होतात की चूक होऊ शकते, आम्ही तपासतो तरी होऊ शकते, तुमचा उजवा गुडघा दुखतोय आणि रिपोर्टमध्ये डावा लिहिलाय तर लगेच परत या, कुणाला राग येत नाही.

मग शेवटचा भाग वाचा, इम्प्रेशन नावाचा. वरच्या भागात आम्ही जे जे दिसलं ते सगळं लिहितो, खाली त्यातलं महत्त्वाचं काय ते. लोक नेमके वरचे शब्द गुगल करतात आणि हादरतात. "लीजन" म्हणजे कॅन्सर नाही, लीजन म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा भाग, बस. किडनीतली साधी पाण्याची गाठ वयाबरोबर कितीतरी जणांना असते. फॅटी लिव्हर ग्रेड वन आमच्याकडे रोज ढीगभर, ते वजन आणि व्यायामाचं बघा असं सांगणारं पत्र आहे, पण म्हणून दुर्लक्षही नको.

पाठीच्या एमआरआयबद्दल थोडं जास्त सांगते कारण इथे सगळ्यात जास्त घबराट होते. "एल४-एल५ डिस्क बल्ज" (कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली) वाचलं की घरात "गादी सरकली, नस दबली, आता ऑपरेशन" सुरू. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांना डिस्क बल्ज होता आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांना. न दुखणाऱ्या लोकांत! म्हणजे पांढऱ्या केसांसारखं आहे हे बऱ्याच वेळा. मग तुमचं दुखणं त्या बल्जमुळे आहे का, हे पाय कुठे बधिर होतो, कुठली हालचाल दुखते हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ते तपासतो तुमचा डॉक्टर. रिपोर्टमध्ये "क्लिनिकली कोरिलेट करा" लिहितो त्याचा अर्थ हाच, की मी सावली बघितली, तुम्ही माणूस बघा, दोन्ही जुळतंय का ते ठरवा. लोकांना वाटतं आम्ही हात झटकतोय. तसं नाहीये.

स्तनाच्या तपासणीत बायरॅड्स नावाचा आकडा असतो, ० ते ६. शून्य म्हणजे सगळं ठीक असं नाही, शून्य म्हणजे अजून एखादा फोटो किंवा सोनोग्राफी लागेल, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि त्या "शून्य आलंय" म्हणून निवांत घरी बसतात. १ आणि २ निवांत. ३ म्हणजे जवळपास नक्की साधी गाठ पण सहा महिन्यांनी परत दाखवा, आणि ४-५ म्हणजे सुई लावून तुकडा तपासायलाच हवा.

आणि सुईबद्दल: "सुई लावली की गाठ पसरते" हे मी गावोगावी ऐकते. स्तनाच्या गाठीला सुई लावल्याने पसरण्याची भीती व्यवहारात धरण्यासारखी नाही, पण गाठ कॅन्सरची असेल आणि सुईला घाबरून वर्ष काढलं तर ती पसरू शकते. या एका समजुतीने किती बायका उशिरा आल्या ते मला मोजवत नाही.

कोविडमध्ये सगळा महाराष्ट्र एकमेकांना छातीच्या सीटीचा "स्कोर किती?" विचारत होता, आठवत असेल, २५ पैकी. तेव्हा ८ स्कोरवाले घाबरून बेड शोधत फिरत होते आणि कमी स्कोर पण ऑक्सिजन खाली गेलेले घरी बसले होते. एका आकड्यावर जीव टांगू नका, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

आम्हाला भेटता येतं

हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. रिपोर्ट घेताना काउंटरवर विचारा, डॉक्टरांना दोन मिनिटं भेटता येईल का. सकाळी नको, सकाळी उपाशी लोकांची रांग असते, मध्येच कॅज्युअल्टीचा फोन येतो, ॲक्सिडेंटचा सीटी येतो, टेबलावर एक आणि स्क्रीनवर तीन अशी अवस्था असते. दुपारी दीड-दोननंतर शांतपणे बोलता येतं. काय विचारायचं: काय सापडलं ते साध्या भाषेत, तुम्हाला किती खात्री आहे, आणि पुढे दुसरा स्कॅन लागेल का, कधी. कुठली गोळी, ऑपरेशन करू का, हे आम्ही नाही सांगणार, ते ज्यांनी पाठवलं त्यांचं काम.

अजून एक. नातेवाईक पेशंटच्या मागून खुणा करतात, त्यांना सांगू नका म्हणून. प्रेमापोटी करतात, कळतं मला. पण आजारी माणूस समोर बसून थेट विचारतो तेव्हा मी खोटं बोलू शकत नाही. त्यामुळे घरूनच ठरवून या, कोण ऐकणार, किती सांगायचं, आणि शक्यतो त्या माणसालाच विचारून ठरवा.

डॉक्टरांनी एकाच सेंटरचं नाव सांगितलं आणि का ते सांगितलं (तिथे चांगलं मशीन आहे, तिथला अमुक डॉक्टर गुडघ्याचा एमआरआय उत्तम वाचतो) तर जरूर तिथेच जा. काहीच कारण न देता "तिथेच करा, दुसरीकडचा चालणार नाही" असं असेल तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला कमिशन, ही आमच्या धंद्याला लागलेली कीड आहे, त्यामुळे मी नवीन असताना महिनाभर माझ्याकडे पेशंट आले नव्हते, आणि मी ते आजही विसरलेले नाही.

आता आम्ही फक्त फोटो बघत नाही

मी शिकत होते तेव्हा फिल्म डार्करूममध्ये धुवून, हँगरला वाळत घालून, मग लाइटच्या खोक्यावर लावून बघायचो. आता सगळं स्क्रीनवर. पण खरा बदल वेगळाच आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने एका वयस्कर बाईच्या पायाची बंद होत आलेली रक्तवाहिनी आतून नळी घालून मोकळी केली, तिचा पाय कापायचा ठरला होता. तिथून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी सुरू झाली. आज लिव्हरमध्ये पू झाला तर सोनोग्राफीत बघत बघत एक बारीक नळी घालून तो काढता येतो, पोट उघडावं लागत नाही. खड्याने किडनी तुंबली तर पाठीतून नळी, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर मांडीतून (किंवा हातातून) जाऊन ती रक्तवाहिनी बंद करता येते. म्हणून ऑपरेशन सांगितलं की एक प्रश्न विचारा: "हे सुई-नळीने, सोनोग्राफी किंवा सीटीखाली होण्यासारखं आहे का?" नेहमी उत्तर हो नसेल. पण विचारलंच नाही तर कळणार कसं.

लकवा मारला, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागला, तर घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. थेट सीटी असलेल्या हॉस्पिटलात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पहिला सीटी नॉर्मल आला तर "काही नाही" असं समजून घरी नेऊ नका, तो सीटी आधी रक्तस्राव नाही ना हे बघायला असतो, गुठळीचा लकवा पहिल्या तासांत सीटीत दिसेलच असं नाही. मोठी गुठळी असेल तर काही पेशंटमध्ये ती नळीने ओढून काढतात, निवडक केसेसमध्ये २४ तासांपर्यंतसुद्धा.

तालुक्याच्या गावात रात्री सीटी झाला तर तो वाचणारा डॉक्टर बहुतेक दुसऱ्या शहरात बसलेला असतो, टेलिरेडिओलॉजी म्हणतात. वाईट काही नाही त्यात, उलट आधी सकाळपर्यंत थांबावं लागायचं. फक्त रिपोर्टवर डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, आणि तुमची हिस्ट्री त्याच्यापर्यंत पोचली का ते टेक्निशियनला विचारा. त्याला तुमची आजी दिसत नाही, फक्त तिच्या सावल्या दिसतात, त्यामुळे ती चिठ्ठीवरची एक ओळ इथे दुप्पट महत्त्वाची.

एआयचं सगळेच विचारतात. २०१६ मध्ये एआयचे मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट शिकवणं आता बंद करा, पाच वर्षांत कॉम्प्युटर चांगलं वाचेल. त्यांना २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, तेच फिजिक्सचं नोबेल जे १९०१ मध्ये पहिल्यांदा एक्सरेसाठी रोंटगेनना मिळालं होतं. आम्ही अजून आहोत, आणि काम वाढलंय. टीबीसाठी मात्र एआय खरंच कामाचं आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांच्या छातीच्या फोटोत टीबी शोधायला ते वापरायला मान्यता दिली, जिथे वाचणारा डॉक्टरच नाही तिथे त्याने माणसं वाचतील. मीही वापरते, दुसरी नजर म्हणून. पण पित्ताची पिशवी बारा वर्षांपूर्वी काढली का, हे ते आजींना विचारत नाही. तुमच्या रिपोर्टवर एआय वापरलंय असं लिहिलं असेल तर खाली डॉक्टरची सही आहे ना एवढं बघा.

घरी फाईल कशी ठेवायची

फिल्म दुमडू नका, गाडीत उन्हात ठेवू नका, हल्लीच्या फिल्म उष्णतेने काळ्या पडतात. सोनोग्राफीचा छोटा चकचकीत कागद थर्मल असतो, तो आपोआप फिका होतो, त्यामुळे मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि लॅमिनेशन अजिबात करू नका, मशीनमधून पूर्ण काळा होऊन बाहेर येतो, बाळाचा पहिला फोटो असा गेलेले आई-बाप मी बघितलेत. सीटी-एमआरआयची सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि पेनड्राइव्हवर उतरवा, कारण सीटीत शेकडो इमेज असतात आणि फिल्मवर त्यातल्या निवडकच छापलेल्या असतात. खिडकीच्या काचेला फिल्म लावून काढलेला व्हॉट्सॲप फोटो बघून कुठलाही डॉक्टर तुम्हाला नीट मत देऊ शकणार नाही, तो देतो म्हणाला तरी घेऊ नका. फाईलच्या पहिल्या पानावर एका कागदावर सालासकट ऑपरेशनं, ॲलर्जी, इम्प्लांट, चालू गोळ्या लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. आणि जुन्या फिल्ममधून पोरांना ग्रहण बघू देऊ नका, त्याने डोळ्याचा पडदा जळतो.